डबीतली सवय

गाडी तिसऱ्या गिअरात अडकली ती अडकलीच. वस्तादांनी ती कशीबशी गॅरेजच्या दारात आणून बंद केली आणि शेजारी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं.

"गार असताना शहाण्यासारखी चालते आणि तापली की हट्टाला पेटते. असंच ना?"

"अगदी असंच."

वहिनींचे यजमान, म्हणजे साहेब, वारल्यापासून गाडी वहिनींकडे होती. लायसन्स त्यांनी नुकतंच काढलं होतं.

वस्तादांनी बॅटरी पाहिली, वायरी चाचपल्या, स्कॅनर लावला. मग गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा मॉड्यूल उघडला. वस्ताद त्याला नुसतं डबी म्हणत. केस वाळवायच्या यंत्राने त्यांनी डबीला गरम वारा दिला, आणि स्कॅनरवरून ती गायबच झाली. भिंगाखाली सापडलं: सोल्डरने झाळलेल्या एका टाक्याला बारीक चीर.

"नवी डबी बसवली तर काम चुटकीसरशी होईल," वस्ताद म्हणाले, "पण ती कोरी असते, वहिनी. हिला साहेबांच्या पायाची सवय आहे. एक गिअर कुठवर ताणायचा, पुढचा कधी टाकायचा, सगळं त्यांच्याकडून शिकलीय."

"कोरी?" वहिनी पुढे सरकल्या. "म्हणजे यांचं त्यात काहीच उरणार नाही?"

एरवीही जुनी वस्तू फेकणं वस्तादांच्या जिवावर येई. इथे तर माणसाची आठवण होती.

"वस्ताद, मी काय म्हणते—"

"काही म्हणू नका. समजलं मला. एक अक्षर पुसलं जाणार नाही."

दोन दिवस ते डबीवर वाकून बसले. उष्णता जरा जास्त झाली की सगळं मुसळ केरात. बायको म्हणाली, "माझ्या चष्म्याची दांडी कधीची लोंबतेय, तिच्यावर नाही कधी एवढी माया केलीत." वस्तादांनी भिंग जवळ ओढलं. श्वास रोखून त्यांनी टाका घातला, डबी पुन्हा तापवून पाहिली आणि मगच पाठ टेकली.

वहिनी आल्या. वस्तादांनी त्यांना शेजारी बसवून गाडी लांबवर नेली. इंजिन तापलं, तरी गिअर एकही चुकला नाही. गाडी साहेबांसारखीच खच्चून ताणत होती, मग हिसका देऊन पुढचा गिअर घेत होती.

वस्तादांचं लक्ष वहिनींच्या हाताकडे गेलं. प्रत्येक हिसक्याच्या क्षणभर आधी तो दारावरच्या हँडलला घट्ट धरत होता. गाडी आतून नव्यासारखी होती. तेवढ्या हँडलचं प्लास्टिक मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं. किती ही एकमेकांची सवय, वस्तादांना वाटलं, आणि त्यांना भरून आलं.

गॅरेजच्या दारात गाडी थांबली. वहिनी बराच वेळ उतरल्या नाहीत.

"अगदी तसंच," त्या हलकेच म्हणाल्या. "यांच्यासारखंच."

"एक अक्षर पुसलं नाही," वस्ताद म्हणाले.

वहिनींनी पदराने डोळे टिपले. मग एकेक बोट सोडवत हँडलवरचा हात काढला.

"वस्ताद, ती कोरी डबी मागवा. या गाडीत मी आजवर जीव मुठीत धरूनच बसले आहे."