पोच

तेलगावात घरून काम करणारा भागवत निरोप पोचवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहितो. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोचलाच पाहिजे, आणि तिकडून ‘मिळाला’ अशी पोच येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा जात राहिला पाहिजे, एवढंच त्याचं काम. त्याच्या बायकोला, मंजुषाला, त्या प्रोग्रामांचा भयंकर हेवा वाटतो.

“बगा आत्याबाई, त्येंला जबाब तरी मिळतो. मी कवाची जेवाया बोलवायले, तर तुमचा लेक हूं न्हाई का चूं न्हाई!”

तेवढ्यात आतल्या खोलीतून भागवत आनंदानं ओरडला, “आली! पोच आली!”

भाकरी थापणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. सुनेकडे हेव्यानं बघत त्या म्हणाल्या,


“लई नशीब काढलंस पोरी. ह्याच्या बापाला अजून न्हाई आली.”