थांबायचा हुकूम

डॉक्टरांचा घोडा रिंगणात झकास चालायचा, पण दाणा-चंदीच्या कोठीचं दार आलं की खांब रोवल्यासारखा उभा राहायचा. ड्रेसाज, म्हणजे घोड्याची शिस्तबद्ध चाल, शिकवायला नव्याने आलेल्या बाईंपुढे तरी त्याने अब्रू राखावी, म्हणून डॉक्टरांनी टाच मारून पाहिली. घोडा ढिम्म.

"अडेलतट्टू आहे नुसता!" ते वैतागले.

"त्याला कशाला बोल लावता?" बाई म्हणाल्या. "शिकलेला घोडा लगामाच्या आधी स्वाराचा श्वास ऐकतो. श्वास अडला, की त्याच्या लेखी तो थांबायचा हुकूम. या दारापाशी आलात की दर वेळी तुम्हीच श्वास रोखता."

डॉक्टरांनी श्वास सोडला. घोडा मुकाट्याने चालू लागला. बाईही शेजारून चालत राहिल्या.

"काय झालं होतं तिथे?"

"माझी आधीची घोडी," डॉक्टर म्हणाले. "एकदा कोठीचं दार उघडं राहिलं. पोटाला तडस लागेपर्यंत दाणा खाल्ला तिने, आणि पोटशुळाने तडफडून गेली. तिला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला मी त्याच दिवशी कामावरून काढलं. फार रडला, गयावया केली त्याने."

"दार त्याने उघडं टाकलं होतं?"

एव्हाना ते रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते. कोठी पार पाठीमागे राहिली होती.

"हो, त्यानेच," डॉक्टर म्हणाले.

घोडा थांबला.