त्या पंधरवड्यातली अकरा

“दोन वर्षांत रस्त्यावर मेलेली जनावरं किती? अकरा.” रस्ते खात्याच्या वकिलाने वही उलटी धरून झटकली, जणू आणखी एखादं खाली पडेल. “आणि ही अकराही एकाच पंधरवड्यातली. बाकी सातशे दिवस शून्य. त्या पंधरवड्यात जनावरांना डोळे आले होते का, बाई?”

सभागृह हसलं. वही जिची होती ती सोडून.

गावात तिला मोजणीबाई म्हणत. शाळेत विज्ञान शिकवायची आणि त्याआधी, सकाळी सातला, जंगलातल्या रस्त्याचे चार किलोमीटर पायी तपासायची. जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही; म्हणून तिने ते अंगावर घेतलं होतं. रस्ता आता चौपदरी व्हायचा होता. तो जंगलाला वळसा घालून न्या, एवढंच तिचं म्हणणं. पण जनावरं रस्ता ओलांडतात आणि मरतात हे आकड्यांनी दाखवायला हवं होतं, आणि आकडेच फितूर झाले होते. आज अर्ज फेटाळला की सोमवारी झाडं पडणार.

त्या पंधरवड्याचं कोडं तिलाही सुटलं नव्हतं. वही खरी आहे एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढ्यावर सुनावण्या जिंकता येत नाहीत.

“आणखी कुणाला काही बोलायचंय?” सुनावणी अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

मागच्या बाकावरून तिचे वडील उठले. त्याच रस्त्यावर झाडू मारण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. लेक साहेबांसमोर कशी बोलते ते बघायला इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ती जनावरं मोजते हे त्यांना ठाऊक होतं. मेलेली मोजते, हे तिने घरात कधी सांगितलं नव्हतं; म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून. ते त्यांना आत्ता वकिलाच्या तोंडून कळलं.

“साहेब, त्या पंधरवड्यात माझ्या पायाला प्लास्टर होतं.”

पुन्हा हशा पिकला. वकील सगळ्यांत मोठ्याने हसला.

“एरवी मी उजाडायच्या आत उचलतो,” ते म्हणाले. “ससे, मुंगसं, साळिंदरं. गेल्या महिन्यात हरणाचं पाडस होतं. ओढ्यापलीकडे पुरतो. खणून बघा, हाडं मिळतील. बदलीवरचा माणूस नुसता पाला झाडायचा, म्हणून ती अकरा राहिली.”

आता कुणी हसलं नाही.

“खात्याचा तसा हुकूम आहे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नाही, साहेब. ही सहा वर्षांची होती. सायकलवर पुढे बसवून शाळेत नेत होतो. रस्त्यात चिरडलेला ससा बघितला आणि तीन दिवस जेवली नाही. तेव्हापासून उचलतोय.” त्यांनी वकिलाच्या हातातल्या वहीकडे बोट केलं. “माझ्यामुळेच हिची वही कोरी राहिली.”

वकिलाने कागदाच्या कोपऱ्यात पंधरा दिवसांना अकरा, तर दोन वर्षांना किती, असं त्रैराशिक मांडलं आणि उत्तर खोडून टाकलं. अधिकाऱ्यांनी टोपण परत लावलं. महिनाभर नव्याने मोजणी, दोन्ही बाजूंची माणसं मिळून. तोवर एकाही झाडाला हात लावायचा नाही.

बाहेर पायऱ्यांवर वडील तिची वाट बघत थांबले होते. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती मायाच.

“बाबा, उद्यापासून काही उचलायचं नाही. जे असेल ते तिथेच राहू द्यायचं.”

“तू रडशील.”

“रडेन,” ती म्हणाली. “मोजून झाल्यावर.”