झाडपाल्याचं तूप

डॉक्टर शेषाद्रींनी कानातली नळी काढली आणि रघोजींचं हृदय आता ठीक चाललंय म्हणून सांगितलं. वसुमतीबाईंना मग राहवेना. सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याला झटका आला, त्या दिवसापासून त्यांचं लोणकढं तूप बंद, त्यांच्यापुरता सगळा स्वयंपाक वेगळा, वनस्पती तुपात, असं त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं. झाडपाल्याचं ते, त्यानं कुणाचं काय वाईट होणार?

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही एवढंच. "मामी, ते तेलच, पण कारखान्यात गोठवलेलं. रक्तवाहिन्यांना ते तुपासारखंच. त्यापेक्षा तिळाचं तेल बरं, तेही बेतानं."

झालं! परतताना जटक्यात, त्या एका घोड्याच्या गाडीत, रघोजी घोडेवाल्याशी कावेरीच्या पाण्याबद्दल तमिळमध्ये गप्पा छाटत होते आणि बाई त्यांच्या छातीकडे टक लावून बसल्या होत्या. सहा महिने! आपणच हट्टानं आणवलं की ते घरात.

घरी पोचल्या त्या थेट स्वयंपाकघरात. माहेरची पापनाशमची सून चंद्रमती रसमला फोडणी देत होती. बाईंनी वनस्पतीचा डबा उचलला, मोरीत ओतून द्यायला. पाहतात तो तळाशी चमचाभर उरलेलं. त्यांना रडूच फुटलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगून त्या म्हणाल्या, बाकी सगळं यांच्या पोटात गेलं गं.

चंद्रमतीनं मान खाली घातली आणि हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात त्या तुपातला वडा मामंजींच्या टाळ्याला चिकटला, ते अर्ध्या जेवणावरून उठले. तेव्हापासून ती त्यांचं सगळं तिळाच्या तेलात करत होती. सासूला सांगायचा धीर झाला नाही.

"मग डबा कुणी संपवला?"

"देवानं, आत्याबाई. समईचं तिळाचं तेल मी चुलीकडे घेतलं, आणि हे समईत घातलं."

एरवी एवढ्यावर बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या मटकन पाटावर बसल्या. जीव भांड्यात पडला होता, हसावं की रडावं कळेना. सुनेचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला.

देवाला काही बाधेल का, चंद्रमतीनं भीत भीत विचारलं.

बाईंनी देवघराकडे पाहिलं. "त्याला काय होतंय," त्या म्हणाल्या. "त्याची छाती पंचधातूची आहे."