रुद्राणीचा कडुनिंब

डोळे मिटा बरं जरा. खाली काळीभोर जमीन, वर पांढरं ऊन, आणि पार टोकाला झुळझुळ हलणारं खोटं पाणी. त्या पाण्याकडे तोंड करून कडुनिंबाच्या रोपांची एक रांग उभी आहे. दिसली? तिच्या शेवटचं ते पिवळं पडलेलं रोप रुद्राणीचं.

वेणीमाधव मास्तर वाकून त्याच्याकडेच बघत होते.

१९३४ सालचा वैशाख. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या शाळेची मुलं घेऊन मास्तर उन्हाळाभर मंद्रूपला झाडं जगवायला आले होते. जमीन सिद्धलिंगप्पांची. त्यांनी एकाच अटीवर ती दिली होती, "एक जरी रोप गेलं, तर मी हितं ज्वारी पेरनार, मास्तर." आणि उद्या ते बघायला येणार होते.

"रुद्रा, पाणी घालतेस ना गं?"

"घालते की. थोडं."

"थोडं का?"

"त्याला तहान न्हाय, मास्तर."

पोरं खो खो हसली.

"तुला सांगितलं व्हय त्यानं?" नंदू म्हणाला.

"कानडीत सांगितलं असंल," शिवपुत्रनं पुस्ती जोडली. "आळशी लई! विहिरीच्या पायऱ्या नकोत हिला."

रुद्राणीनं चिखलाचे हात परकराला पुसले.

ज्याचं रोप त्यानंच पाणी घालायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा मास्तरांचा नियम. पण दुपारी मुलं चिंचेखाली आडवी झाली, की मास्तरच गुपचूप उठत आणि आपली कळशी त्या पिवळ्या रोपाच्या आळ्यात रिकामी करत. पोरीची लाज राहावी, रांग राहावी, एवढंच. तरी रोप रोज जास्तच पिवळं होत होतं.

त्या दुपारी मास्तरांचा डोळा लागला. स्वप्नात रांग मोठी झाली होती. तिची सावली थेट सोलापूरपर्यंत गेली होती आणि सावलीतून पोरं गात चालली होती. फांद्यांवर होले घुमत होते. अर्धवट जाग आली तेव्हा नंदू चवड्यांवर चालत जाताना दिसला. हातात घागर. तो टोकाच्या रोपाशी वाकला, इकडेतिकडे बघून परत आला. मग शिवपुत्र गेला. मग भाकऱ्या करणारी काशम्मा, भांडं पदराखाली झाकून.

हे स्वप्नातलंच की खरं, मास्तरांना कळेना. कळलं तेव्हा ते उठून बसले. थट्टा करणारी हीच पोरं! आता उद्या सिद्धलिंगप्पा काही का म्हणेनात. त्यांनी आपली कळशी उचलली आणि ते हळूच निघाले.

टोकाशी रुद्राणी उकिडवी बसली होती. आळं काठोकाठ भरलं होतं, त्यात आभाळ दिसत होतं. आणि ती पोरगी करवंटीनं त्यातलं पाणी उपसत होती.

"रुद्रा!" मास्तर ओरडले. "अगं, त्याच्या तोंडचं पाणी काढतेस?"

तिनं मान वर केली नाही.

"रोजच काढते, मास्तर. तुमी समदे रोज भरता की."

मग ती उठली. मास्तरांच्या हातातली कळशी तिनं काढून घेतली, शेजारच्या नंदूच्या सुकत चाललेल्या रोपाला ओतली, आणि दुसरी करवंटी त्यांच्यापुढे धरली.