मशीन लावून दाखव

"अहो, ते काय करताय?" नंदिनी ओरडलीच.

धोंडुबाईंनी नव्या कॉम्प्युटरला कुंकू लावलं होतं, तेही थेट फ्लॉपी घालायच्या खाचेवर. वर हळदीची चिमूट टाकली. निम्मी हळद आत गेली.

"पूजा नको व्हय? एवढं नवं मशीन आलंया."

फाऊंड्रीच्या मालकीणबाईंना कोण सांगणार? नंदिनीनं वाकून खाचेत जोरात फुंकर मारली. हळद उलटून तिच्याच डोळ्यांत गेली. शी! उद्यमनगरातल्या या ऑफिसात पाऊल टाकल्यापासून तिला सगळ्याचीच किळस येत होती. भिंतीच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, टेबलाला ग्रीस, आणि पाण्याच्या पेल्यावर कुणाच्या तरी बोटांचे काळे ठसे.

पण आज तोंड बंद ठेवणं भाग होतं. पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून ती कोल्हापूरला परतली, तेव्हापासून दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्थळांचा नुसता धोशा लावला होता. त्यांची शाहूपुरीत गुळाची अडत. पोह्यांच्या बशा बाहेर नेऊन नेऊन तिला वीट आला होता. आणि परवा दादाच म्हणाले, "बाळासोंच्या फाऊंड्रीत कॉम्प्युटर आलाय. त्यावर प्रोग्रॅम लिहायला माणूस पाहिजे त्यांना. जा, मशीन लावून दाखव. नोकरी मिळाली तर वर्षभर लग्नाचं नाव काढणार नाही मी."

तेवढ्यासाठी ती ही घाण सोसायला तयार होती.

बाळासो खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. भिंतीला टेकून एक दांडगा गडी तळहातावर तंबाखू मळत होता.

"ह्यो कृष्णात," बाळासो म्हणाले. "ह्येच्यासंगं जमवून घ्यावं लागंल बघा तुमाला."

म्हणजे हाच आपल्या हाताखाली शिकायला येणार! नंदिनीला शिसारी आली. कृष्णातनं चुन्याच्याच बोटांनी टेबलावरची तिची फ्लॉपी उचलली आणि नेमकं उघड्या चकतीवर बोट टेकवलं.

"ठेवा ती खाली! गेली ना कामातून!"

"एवढ्यानं?" तो हसला आणि कचऱ्याच्या डब्यात पचकन थुंकला.

नशीब, दुसरी प्रत पर्समध्ये होती. तिनं ती घातली, मशीन सुरू केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

"काय म्हणतंया? मोठ्यानं वाचा की," धोंडुबाई म्हणाल्या. "चष्मा न्हाय न्हवं लागत?"

"नाही लागत. तारीख विचारतंय. मग वेळ."

"मग घाला की तुमची जन्मतारीख. येळ बी घाला."

"अहो, आजची घालायची असते!"

"आजची घाला, पर तुमची सांगून तर ठेवा," बाळासो म्हणाले. "कार्डाला लागती."

कामगाराच्या कार्डाला जन्माची वेळ कशाला लागते, देव जाणे. वाद नको म्हणून तिनं सांगून टाकली. बाळासोंनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिली.

आता खरं काम होतं. मशीन नुसतं पेटलं म्हणून प्रोग्रॅम लिहिता येत नाहीत. एका वेळी किती फाइली उघडायच्या, हे त्याला आधी सांगावं लागतं. प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर कुठल्या कप्प्यात ठेवलाय, तेही लिहून द्यावं लागतं. नंदिनी एकेक ओळ जपून टाइप करत होती.

"डबा कोण करून देतंय तुमाला?" धोंडुबाईंनी मधेच विचारलं.

"माझा मीच करते."

"भाकरी थापाया येतीया?"

"येते." उद्या कँटीनलासुद्धा जुंपतील ही माणसं, असं तिच्या मनात आलं.

"जरा त्या वरच्या बटनाला हात पोचतोय काय बघा बरं," बाळासो म्हणाले.

ती वैतागून उठली, टाचा न उचलताच पंख्याचं बटण दाबलं आणि परत बसली. तिघंही तिच्याकडंच बघत होते. पडद्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. काय माणसं आहेत! सगळं संपलं की घरी जाऊन आधी आंघोळ करायची, असं तिनं ठरवलं.

मशीन बंद करून तिनं पुन्हा सुरू केलं आणि कंपायलरला हाक दिली. मशीननं साफ सांगितलं, ही आज्ञा मला ठाऊक नाही.

"न्हाय व्हय चालत?" बाळासोंनी पाय खाली सोडले.

"बिघडल्यालं गळ्यात मारलं काय आमच्या?" कृष्णात गुरगुरला.

झालं, गेली नोकरी! पुन्हा ती पोह्यांची बशी! नंदिनीनं ओळी वरून खालपर्यंत तपासल्या. कप्प्याचं नाव तिनंच चुकीचं टाइप केलं होतं.

"मशीन उत्तम आहे," ती म्हणाली. "चूक माझी होती."

नाव दुरुस्त करून तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी कंपायलर चालला. तिनं लिहिलेला एवढासा प्रोग्रॅमही चालला आणि पडद्यावर फाऊंड्रीचं नाव झळकलं. तिला इतका आनंद झाला, की क्षणभर तिला तंबाखूचा वाससुद्धा जाणवला नाही.

"आता लागेल तो प्रोग्रॅम यावर लिहिता येईल. उद्यापासून किती वाजता येऊ?"

धोंडुबाईंनी कपाटातून जरीचं लुगडं, खण आणि नारळ काढला आणि तिच्या ओढणीच्या ओटीत घातला. दारातून दादा आत आले. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. बाळासोंनी उठून त्यांना मिठीच मारली.

"पोरगी पसंत हाय, अडतेसायेब. आमच्या कृष्णातला बी, त्येच्या आईला बी."

नंदिनीनं दादांकडं पाहिलं. दादा पुड्याचा दोरा सोडण्यात गुंतले होते.

"आणि माझी नोकरी?"

"नोकरी कसली, पोरी?" बाळासोंनी मशीनवर प्रेमानं थाप मारली. "ह्ये तर तुझ्या बापानंच दिलंया की, तुझ्यासंगं."