दोन काठ्यांचा खिळा

“ताई, नकलेत तुमीच टिंबं दिलीती. आमी तशीच जुळवली,” भाऊसो म्हणाले. इस्लामपूरचा तो छापखाना त्यांचा होता.

विजयमालेनं छापलेल्या कच्च्या पानावरून बोट फिरवलं. तिच्या वडिलांनी यमाईवर एकशे आठ ओव्या रचल्या होत्या. प्रत्येक ओवीनंतर ते दोन उभ्या काठ्या ओढत. देवीचं दार म्हणत त्याला. नक्कल करताना तिनं शाळेच्या सवयीनं त्यांच्या जागी पूर्णविरामाची टिंबं दिली. भिंतीवरच्या १९७४ च्या कॅलेंडरात पौर्णिमा उद्यावर होती. पौर्णिमेला पुस्तक औंधाला देवीच्या पायांवर ठेवीन, असं तिनं वडिलांना शेवटच्या आजारात वचन दिलं होतं.

“ओव्यांखाली अर्थ हाय,” भाऊसो म्हणाले. “ त्यातली टिंबं ठेवायची, ओव्यांची काढायची. अक्षरं जुळवणारा जुळारी गावाला गेलाय. मी एकटा वाचत बसलो तर दोन दिवस जातील.”

कोपऱ्यात रॉकेलनं छपाईच्या अक्षरांचे खिळे धुणारी हरणाबाई उठली. “मला खूण सांगा. मी काढते.”

“तुला अ तरी ठावं हाय का गं?”

“न्हाई. पर मेंढरू वळखाया त्याचं नाव वाचाय लागतं व्हय?”

विजयमालेनं बोट ठेवून दाखवलं. “टिंब, आणि त्याला लागून आकडा. अशी जोडी दिसेल तिथंच दोन काठ्यांचा खिळा बसवायचा. नुसत्या टिंबाला हात नाही लावायचा.”

हरणाबाईनं चिमटा घेतला. शिशाच्या उलट्या अक्षरांवरून तिची नजर चालत राहिली. टिंब निघे, काठ्या बसत. पुढं. पुन्हा पुढं. ती कुठं अडत नव्हती, मागं वळत नव्हती. विजयमालेची जपमाळ बोटांतच थांबली. भाऊसोंची विडी विझून गेली.

ऊन उंबऱ्याबाहेर गेलं. भाऊसोंनी डब्याच्या झाकणात जमलेली टिंबं मोजली. एकशे सात.

“एक राहिलं.”

“न्हाई राहिलं. शेवटच्या आकड्याच्या आदी टिंबच नव्हतं. मोकळंच हुतं. म्या काय काढू?”

विजयमाला वाकली. एकशे आठवी ओवी. तीनच चरण. चौथा सांगता सांगता वडिलांचा श्वास थांबला होता. तिनं आकडा घातला होता. टिंब द्यायला हात धजला नव्हता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाऊसोंनी उरलेला खिळा पुढं केला. “बसवू?”

“नको. दार उघडंच असू दे.”

मग तिनं हरणाबाईचा काळा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.

“आवं बाई, शाई लागंल!”

लागलीच होती. कुंकवाखाली, एक टिंब.